जावक सुरू, आवक बंद

"आता वाचून दावा की, पाशाभाई," गजराबाई म्हणाली आणि अंगठा शाईच्या डबीपाशी नेऊन बसली.

चाँदपाशांनी पेनाला टोपण लावलं, दोन्ही कागद उचलून डोळ्यांसमोर धरले आणि घसा खाकरला. हे त्यांचं रोजचंच. भूमच्या तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, छत्तीस वर्षं त्यांचं टेबल होतं. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, आणि लिहून झाला की ज्याचा अर्ज त्याला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचून दाखवायचा. मगच सही, नाहीतर अंगठा. त्यांचे वालिद इमामसाबही याच फाटकाशी अर्जनवीस होते. निजामाच्या वेळचे उर्दू कागद वाचायला त्यांनीच पोराला शिकवलं, आणि त्यासोबत एक नियमही दिला. "अंगूठा देनेवाले की आँखां अपन रहते, बेटा," ते म्हणायचे. चाँदपाशांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

आज तोंड उघडलं आणि पुढं काही निघेना.

कागदावर शाई होती. ओळी सरळ होत्या, समास नीट सोडलेला होता. पण ही अक्षरं कुठल्या भाषेतली? आधी वाटलं, कानडी असावीत. उमरग्याकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागं असतं तसं काहीतरी. नीट बघितलं तर कानडीही नव्हतं. नुसती वेटोळी, गाठी, काटक्या. कुणीतरी सुतळीचे तुकडे कागदावर टाकून द्यावेत तसे.

"हा कागद कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

"कुणी दिला म्हंजी? आत्ता तुमीच लिवला न्हवं माज्याम्होरं!"

चाँदपाशांनी आपल्या बोटाकडं बघितलं. मधल्या बोटाला शाई लागलेली होती, ओली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. सुतळीचे तुकडे जागचे हलले नाहीत. लिहिता लिहिता मध्येच डोक्याच्या मागं एक कळ आली होती आणि उजवीकडून डोळ्यांपुढं काहीतरी सरकल्यासारखं झालं होतं, ते त्यांना आठवलं. ऊन लागलं असेल म्हणून त्यांनी तेव्हा तांब्यातलं पाणी प्यायलं होतं आणि उरलेलं लिहून काढलं होतं.

शेडखाली आणखी तिघंजण कागद घेऊन बसले होते. सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

मजकूर तर पाठ होता. असे हजार अर्ज त्यांनी लिहिले असतील. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरून सुरुवात केली. "अर्जदार गजराबाई भ्रतार कै. सिद्धाराम, धंदा मजुरी. विनंती अर्ज करते की, माझे पती दिनांक अमुक रोजी मयत झाले असून, त्यांचे नावे असलेल्या जमिनीस खालील वारसांची नोंद घेण्यात यावी…" आवाज नेहमीसारखाच ठाम होता. नजर मात्र ओळीवरून नुसती घसरत होती, बर्फावर पाय घसरावा तशी.

गजराबाई मान डोलवत ऐकत होती. ती गावातल्या खव्याच्या भट्टीवर कामाला होती. तिच्या लुगड्याला करपलेल्या दुधाचा वास असे. पहिलं पान झालं तसं तिनं त्यांना थांबवलं.

"जाईचं नाव बरुबर घातलंय न्हवं? त्यातच सगळी मेख हाय बगा. तिच्या चुलत्यानं, त्या शिवप्पानं, गावभर उठवलंय, पोरगी सिद्धारामची न्हवंच, बाईनं येताना पोटात आणली म्हणून. ती त्याचीच लेक हाय हे लिवलंय न्हवं?"

दुसऱ्या पानावर वारसांचा तक्ता होता. चाँदपाशांनी त्याच्याकडं बघितलं. 'जा' काढताना हात वळला होता, ते त्यांना आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं.

"घातलंय," ते म्हणाले.

गजराबाईनं अंगठा उठवला. भट्टीवरच्या उलथन्यानं तिच्या अंगठ्याच्या रेषा कधीच झिजल्या होत्या. कागदावर नुसता निळा डाग उमटला. ती कागद घेऊन उठली आणि तलाठ्याच्या कचेरीकडं गेली. ती फाटकाआड होईपर्यंत चाँदपाशा तिच्या पाठीकडं बघत राहिले. हाक मारावी असं दोनदा मनात आलं. पण हाक मारून सांगायचं काय?

पोट दुखतंय असं सांगून त्यांनी बाकीच्या तिघांना परत पाठवलं. दौत, शिक्के पिशवीत भरले. निघताना उजवा खांदा शेडच्या खांबावर आपटला.

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून बब्रुवाननं बघितलं. "काय पाशाभाई, खांब बी दिसंना झाला व्हय?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय रे," ते म्हणाले. तेच खरं असावं असं त्यांना मनापासून वाटलं.

ईटला जाणाऱ्या जीपमध्ये खिडकीशी बसून ते घरी आले. बायकोनं, नूरुन्निसानं, ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरणभात. ते जेवून उठायला लागले तर ती बघतच राहिली.

"अजी, भाजी से क्या दुश्मनी है? वैसीच रखे."

"भाजी कुठाय?"

"ये क्या है फिर?" तिनं ताट थोडं फिरवलं. उजव्या बाजूला वांग्याची भाजी होती, बोटही न लागलेली. ताट फिरलं तशी ती त्यांना दिसली. जणू आत्ताच कुणी आणून वाढली.

ते पुन्हा बसले आणि निमूटपणे भाजी खाल्ली. नूरुन्निसा दिवसभर त्यांच्या मागं मागं होती.

त्यांनी चोरून आरशात बघितलं. तोंड वाकडं झालं नव्हतं. दोन्ही हात वर केले, सारखेच वर गेले. जीभ बाहेर काढली, सरळ होती. त्यांच्या चुलतभावाला लकवा झाला होता तेव्हा त्याच्या तोंडातून पाणी गळायचं, हात लोंबायचा, बोलणं बोबडं. तसलं यात काहीच नव्हतं. म्हणजे लकवा नव्हे. मग काय? वेड लागलं म्हणावं तर सगळं समजत होतं. विसर पडला म्हणावं तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या अर्जाचा मजकूरही आठवत होता.

पहाटे नमाज पढून आल्यावर त्यांनी कुराणशरीफ उघडलं आणि यासीनची सुरा पढायला घेतली. जीभ न अडखळता चालत राहिली. अर्धी यासीन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण भलतंच पान उघडून बसलोय. डोळ्यांनी एक हर्फही वाचलेला नाही. त्यांनी कुराण मिटलं, कपाळाला लावलं. मग इमामसाबांची जुनी पेटी उघडून उर्दू कागद काढले. तेही तसेच. मराठी गेली, उर्दू गेली, अरबी गेली. एका दिवसात तीन भाषा कुठं जातात?

घरात कुणी उठलं नव्हतं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर लिहिलं: चाँदपाशा इमामसाब, राहणार ईट, तालुका भूम. हात न अडता चालला. वेलांट्या, काने, सगळं सवयीनं झालं. लिहून झाल्यावर त्यांनी दहापर्यंत आकडे मोजले आणि कागदाकडं बघितलं.

सुतळीचे तुकडे.

हात आपला, शाई आपली आणि आपल्यालाच कळू नये? त्यांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्या कागदाची त्यांना भीती वाटायला लागली होती.

त्याच सकाळी ते भूममधल्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं भिंतीवरचा तक्ता दाखवला.

"खालून दुसरी ओळ वाचा, चाचा."

"दिसतीय की. रेघ न रेघ दिसतीय."

"मग वाचा ना."

"ते येत न्हाय."

दुकानदार आधी हसला. भिंगं बदलून बघितली. मग तो हसायचा थांबला. "चाचा, चष्मा ठीक आहे तुमचा," तो म्हणाला. "एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

चाँदपाशा डॉक्टरांकडं गेले नाहीत. डॉक्टरला सांगायचं काय? सबंध तालुक्याचे कागद वाचणारा माणूस मी, आणि मला वाचता येत नाही? ते तडक शेडखाली जाऊन बसले आणि नुसते अर्ज लिहिले. प्रत्येक अर्ज पाठ म्हणून 'वाचून' दाखवला. त्या दिवशी चार झाले. प्रत्येक वेळी अंगठा उठताना ते दुसरीकडं बघायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा पाटबंधारे खात्याची नोटीस घेऊन आला. "काय लिवलंय बगा की जरा, साहेब."

हा कागद पाठ म्हणायची सोय नव्हती. चाँदपाशांनी तो हातात घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि "हं… हं…" करत बघत राहिले. बब्रुवान चहा घेऊन आला होता. त्यानं एक घोट घेतला आणि कप तसाच हातात राहिला.

"पाशाभाई," तो हळूच म्हणाला, "कागद उलटा हाय."

चाँदपाशांनी कागद फिरवला. त्यांना काहीही फरक जाणवला नाही. आणि बब्रुवानला ते त्यांच्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्यानं म्हाताऱ्याच्या हातात नोटीस परत दिली, दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांचा दंड धरला.

"उठा."

"अरे पण…"

"उठा म्हनतो न्हवं मी."

गावातल्या डॉक्टरनं रक्तदाब मोजला, दुसऱ्यांदा मोजला आणि चिठ्ठी लिहून बार्शीला पाठवलं. निघताना त्यांची लेक अलिजा गाडीत बसली. ती भूमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिनं वडिलांचा हात हातात घेतला आणि बार्शीपर्यंत सोडला नाही. मध्येच तिनं मोबाइलवर काहीतरी लिहून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती खिडकीकडं तोंड करून बसली.

बार्शीच्या डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढून झाल्यावर त्यांनी चाँदपाशांना एक वाक्य लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं. बाईंनी तो कागद बाजूला ठेवला, इकडचं तिकडचं विचारलं, गावात पाऊसपाणी कसं काय विचारलं, आणि पाच मिनिटांनी तोच कागद पुढं केला.

"हे अक्षर कुणाचं?"

"वळण माझं वाटतंय."

"काय लिहिलंय?"

चाँदपाशा बघत राहिले. "न्हाय सांगता येत, डॉक्टरसाहेब."

बाईंनी त्यांचा उजवा हात घेतला, तर्जनी धरली आणि त्या बोटानं त्यांच्याच डाव्या तळव्यावर हळूहळू काहीतरी गिरवलं.

"ग," चाँदपाशा म्हणाले. स्वतःच दचकले. बाईंनी दुसरं गिरवलं. "म." तिसरं. "ळ."

अलिजाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"तुम्हाला स्ट्रोक झाला आहे," बाई म्हणाल्या. "लकव्याचाच प्रकार. हात-पाय-तोंड वाचलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही." त्यांनी फोटो उजेडावर लावला. "मेंदूत बाहेरून करडा भाग असतो. काम करणाऱ्या पेशी तिथं. आत असतो तो पांढरा भाग. ते नुसते धागे, एका जागेचा निरोप दुसऱ्या जागी नेणारे. त्यांच्यावर चरबीचं वेष्टण असतं म्हणून पांढरे दिसतात. मागची एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली. रक्त थांबलं की हे धागे फार काळ तग धरत नाहीत. वेष्टण सुटतं, धागे तुटतात."

"पण मला दिसतं की."

"उजवीकडचं दिसत नाही. डावीकडं मागं, बघण्याची जागा होती, ती गेली. उरलेलं बघणं तुमचा उजवा मेंदू करतो. आणि अक्षर ओळखायची जागा आहे डाव्या मेंदूत. दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या धाग्यांचा जाड पट्टा असतो. त्याचं मागचं टोक सुकलं आहे. तुम्ही बघता ते अक्षरांच्या जागेपर्यंत पोचत नाही."

"मंजे अक्षरं गेली न्हायत?"

"नाही. आहेत तिथंच आहेत."

"मग लिहितो कसं मी?"

"लिहायची वाट वेगळी आहे. ती शाबूत आहे."

चाँदपाशांनी त्या काळ्यापांढऱ्या फोटोकडं बघितलं. छत्तीस वर्षं कचेरीच्या दारात काढलेला माणूस. त्यांना त्यातून एवढंच उलगडलं.

"मंजे जावक सुरू हाय," ते म्हणाले, "आवक बंद."

बाईंना हसू आलं. "अगदी तसंच."

"सुरू होईल का पुन्हा?"

"थोडंफार. बोटानं गिरवून, एकेक अक्षर. वेळ लागेल. पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही." मग त्यांनी फायलीत काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "सुरू कधी झालं म्हणालात?"

"सोमवारी. अकराच्या सुमाराला."

"सोमवारी दुपारी तीनच्या आत आला असता तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं कदाचित."

सोमवारी तीन वाजता चाँदपाशा घरी आरशापुढं उभं राहून जीभ बाहेर काढून बघत होते.

दवाखान्यात सहा दिवस गेले. रक्त पातळ करायच्या, दाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर नूरुन्निसा ताट वाढलं की न बोलता एकदा फिरवून द्यायची. लोक भेटायला यायचे, त्यांना बोलताचालताना बघायचे आणि म्हणायचे, "तुमाला तर काईच झालं न्हाय, पाशाभाई." काहीच झालं नव्हतं आणि सगळंच झालं होतं. कधी वाटायचं, डॉक्टरबाईंनी सांगितलं ते समजलं. आणि चहाच्या पुड्याकडं नजर गेली की पुन्हा सगळं गढूळ. त्या पुड्यावर चहा लिहिलंय हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते तिथं दिसत नव्हतं.

एक गोष्ट मात्र गढूळ नव्हती. गजराबाईचा अर्ज. नंतरच्या चौघांचे अर्ज साधे दाखल्याचे होते. बब्रुवाननं ते स्वतः जाऊन बघितले आणि बरोबर असल्याचं कळवलं. गजराबाईचा तेवढा तलाठ्याकडं गेला होता.

बाराव्या दिवशी त्यांनी अलिजाला सोबत घेतलं आणि भट्टीवर गेले. मोठ्या कढईत दूध आटत होतं. गजराबाई लांब दांड्याच्या उलथन्यानं ते ढवळत होती. धुरातून तिनं त्यांना ओळखलं.

"या की पाशाभाई. बरं न्हवतं म्हनं?"

"गजराबाई, तुमच्या अर्जाचं काय झालं?"

"नोटीस लागलीय चावडीवर. पंधरा दिवसांची. शिवप्पा रोज जाऊन वाचतोय म्हनं ती."

चाँदपाशांनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही. "म्या तुमाला त्यो अर्ज वाचून दावलाच न्हाय," ते म्हणाले. "पाठ म्हटला. मला त्या येळेला एक अक्षर वाचता येत नव्हतं. आजार झाला व्हता, पर ते मला ठाव न्हवतं."

गजराबाईचा हात चालतच राहिला. "म्या इचारलं व्हतं तुमाला. जाईचं घातलंय का म्हणून. तुमी व्हय म्हनलात."

"म्हटलं."

"का पर?"

"लाज वाटली."

दूध कडेला लागायला लागलं होतं; तिनं दोनतीनदा जोरात खरवडलं. मग शेजारणीला हाक मारून उलथनं तिच्या हातात दिलं, पदरानं तोंड पुसलं आणि भट्टीमागच्या खोलीकडं चालायला लागली. तिच्या मागून दोघंही गेले.

जाई शाळेतून आली होती. सातवीतली, दोन वेण्यांची, गप्प पोरगी. आईनं सांगितल्यावर तिनं ट्रंकेतून अर्जाची शिक्का मारलेली झेरॉक्स काढून दिली. अलिजानं पहिलं पान वाचलं. सगळं बरोबर होतं. तिनं पान उलटलं आणि थांबली.

"काय?" चाँदपाशांनी विचारलं.

"नावं आहेत, अब्बा. गजराबाई, जाई. नाव लिहिलंय. त्याच्यापुढं नाते आणि वय, हे दोन रकाने…"

"काय हाय त्यात?"

"रिकामे आहेत."

उजवीकडचे रकाने. ते त्यांना दिसलेच नव्हते. जाईचं नाव तिथं होतं, पण ती कुणाची कोण, हे लिहायचं राहून गेलं होतं. शिवप्पाला याहून जास्त काय पाहिजे होतं!

गजराबाई उंबऱ्यावर बसली. "म्या अडाणी म्हणून तुमच्याकडं येते," ती म्हणाली. आवाजात राग होता आणि रागाखाली दुसरंच काहीतरी. "आता तुमी बी माज्यावानीच झालात. मग मानसानं जावं कुणाकडं?"

चाँदपाशांनी पिशवीतून कोरे कागद काढले. "दुरुस्तीचा अर्ज करू. आजच. तीन दिवस हायत अजून."

"लिवनार कोन?"

"लिहिता येतं मला."

तिनं अलिजाकडं बघितलं. अलिजानं होकारार्थी मान डोलावली.

ते जमिनीवर मांडी घालून बसले. डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणं डावा हात कागदावरून पलीकडं नेऊन उजव्या काठावर ठेवला. कागद कुठं संपतो ते आता हाताला कळत होतं. मग लिहायला लागले. पोरगी बघत होती. हा माणूस काय लिहितोय ते त्यालाच वाचता येत नाही, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ती त्यांच्या हाताकडं जादूचा खेळ बघावा तशी बघत होती. 'नाते' या रकान्यात त्यांनी लिहिलं: सख्खी मुलगी. लिहिताना ओठ हलवले.

संपल्यावर अलिजानं कागदासाठी हात पुढं केला. त्यांनी कागद मागं घेतला.

"तू नको."

"का, अब्बा?"

"तू माझ्या घरची. वाचणारं माणूस हिच्या घरचं पाहिजे." त्यांनी कागद जाईपुढं धरला. "वाच बेटा. मोठ्यानं. गडबड करू नको."

जाई आईकडं बघून लाजली. मग उभी राहिली, शाळेत राहतात तशी, आणि वाचायला लागली. 'मयत' पाशी अडखळली. 'भ्रतार'चा अर्थ विचारला. बापाचं नाव आलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. गजराबाई डोळे मिटून ऐकत होती. चाँदपाशाही डोळे मिटून ऐकत होते. दोघंही सारखेच बसले होते.

"इथं चुकलंय," जाई एकदम म्हणाली.

"काय?"

"'मुलगी' दोनदा आलंय. सख्खी मुलगी मुलगी. आन वय बारा न्हाय. मला तेरावं लागलंय."

"कुठं ते बोट ठेव."

तिनं त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. त्यांनी एक 'मुलगी' खोडली, बाराचे तेरा केले आणि खोडलेल्या जागी सही केली. मग गजराबाईनं अंगठा दिला.

अर्ज त्याच दिवशी दाखल झाला. शिवप्पानं हरकत घेतली, दोन तारखा झाल्या. पण जाईचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला पुढं आल्यावर त्याच्याकडं बोलायला काही उरलं नाही. महिन्यानंतर सातबाऱ्यावर दोन्ही नावं चढली. गजराबाईनं पावशेर खवा आणून टेबलावर ठेवला. तशीच वळून ती भट्टीकडं गेली.

ते आता आठवड्यातून दोनच दिवस शेडखाली बसायचे. येणाऱ्याला आधीच सांगायचे, "लिहून देतो. पण वाचणारं तुमचं माणूस आणा." काही लोक मुलाला, सुनेला घेऊन यायचे. बरेचजण कॉम्प्युटरवाल्याकडं जायचे. बब्रुवानला ते बघवायचं नाही. त्यांच्या उजव्या बाजूला, त्यांना दिसणार नाही अशा बेतानं तो तोंड फिरवायचा, पण उजवीकडं कुणी तोंड फिरवलं की हल्ली चाँदपाशांना ते न बघताही कळायचं.

दिवाळीनंतर बार्शीला तपासणीची तारीख होती. अलिजा तिकिटासाठी सुट्टे पैसे आणायला चहाच्या टपरीकडं गेली होती आणि चाँदपाशा भूमच्या स्टँडवरच्या बाकावर बसले होते. समोर एक गाडी येऊन लागली. एक धोतरातला म्हातारा घोंगडी खांद्यावर टाकून त्यांच्यापाशी आला. चष्मा, इस्त्रीचा सदरा आणि खिशातलं पेन बघून आला असावा.

"मास्तर, ही परांड्याची हाय का गाडी?"

चाँदपाशांनी पाटीकडं बघितलं. तोच गुंता. ते उठून जवळ गेले. डोळ्यांनी एक रेघ धरली आणि उजवी तर्जनी मांडीवर तशीच फिरवली. आधी पोट, मग दांडी.

"प," ते पुटपुटले.

म्हातारा शेजारी उभा राहिला. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. पुढचं अक्षर सोपं होतं, त्याला काना होता, डोक्यावर टिंब. बोट मांडीवर फिरत होतं. घाम आला होता.

"चला परांडा, परांडा!" कंडक्टर दारातून ओरडला.

म्हाताऱ्यानं ते ऐकलं. त्याचा एक पाय पायरीवर गेलासुद्धा. पण त्यानं मागं वळून चाँदपाशांकडं बघितलं, आणि पाय तसाच ठेवून थांबला. शेवटच्या अक्षराचा वळसा बोटाला सापडत नव्हता. एकदा चुकला. दुसऱ्यांदा वळला.

"परांडा," चाँदपाशा म्हणाले. "हीच हाय. बसा."

"बरं मास्तर," म्हातारा म्हणाला आणि मगच वर चढला.